संगणकाची डागडुजी आणि दाराची राखण

कोंकणांत कौलारू घर बांधणारा मनुष्य घर एकदां बांधून स्वस्थ बसत नाहीं. दर वर्षीं मृग लागण्यापूर्वीं तो कौलें चाळतो, फुटलेलीं बदलतो, आणि रोज रात्रीं निजण्यापूर्वीं पुढच्या दारास अडसर घालतो. यांपैकीं पहिलें काम डागडुजीचें व दुसरें राखणीचें होय. एक केलें म्हणून दुसरें टळत नाहीं. अडसर कितीहि भक्कम असला तरी गळणारें छप्पर गळतच राहतें. आणि कौलें नवीं घातलीं म्हणून उघड्या दारांतून येणारा चोर परत जात नाहीं. संगणकालाहि हाच नियम लागू आहे, हें आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

संगणकाचें यंत्र आणि आपण त्यावर चालवितों तीं निरनिराळीं साधनें यांच्या मध्यें एक कारभारी असावा लागतो. कोणतें काम आधीं करावयाचें, कोणास कोणती फाइल वाचूं द्यावयाची, बाहेरून आलेला निरोप कोणाकडे पोंचवावयाचा, हें सर्व तो ठरवितो. या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज हें त्यांतील सर्वांच्या परिचयाचें नांव. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केला, आणि विंडोज ११ ला लागणाऱ्या अटी पुष्कळ जुने संगणक पुऱ्या करूं शकत नाहींत. असा संगणक धड असतांना मोडींत न काढतां त्यावर लिनक्सच्या कुळांतील एखादी ऑपरेटिंग सिस्टीम घालावी, हा मार्ग शाळांस व साधारण स्थितींतील कुटुंबांस मोकळा आहे. कारण ती विनामूल्य मिळते.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. इयान मरडॉक यांनीं १९९३ सालीं 'डेबियन' नांवाची संपूर्ण व्यवस्था उभारण्यास आरंभ केला, आणि डेबियनच्या पायावर रचलेली 'उबंटू' ऑक्टोबर २००४ मध्यें निघाली. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेनें तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीहि डेबियनवरच आधारलेली आहे. आणि केरळांतील सरकारी शाळांमधून उबंटूवर आधारलेली प्रणाली वापरांत आहे. या सर्वांचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां येतो, बदलतां येतो व दुसऱ्यास देतां येतो. म्हणून त्यांस मुक्त-स्रोत असें म्हणतात. पुढील विवेचनांत आपण उबंटूचें उदाहरण घेऊं.

"लिनक्सला व्हायरस लागत नाहीं, त्याकडे लक्ष द्यावयास नको," असें बोलणें वारंवार कानीं येतें. तें खरें नाहीं. लिनक्सच्या केवळ गाभ्याचा मजकूर तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे, आणि तो माणसांनीं लिहिलेला आहे. एवढ्या मजकुरांत चुका राहणारच. त्यांपैकीं कांहीं चुका निरुपद्रवी असतात. परंतु कांहीं अशा असतात कीं त्यांतून परक्या मनुष्यास आंत शिरतां येतें. मुक्त-स्रोताचा मोठा लाभ हा कीं, जगांतील हजारों जाणते लोक तो मजकूर तपासूं शकतात, व चूक सांपडल्यावर ती दुरुस्त करून सर्वांस मोफत देतात.

परंतु या लाभाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. कारण सर्व विषयाचें मर्म तेथें आहे. दुरुस्ती उघडपणें प्रसिद्ध होते, तेव्हां भोंक कोठें होतें हेंहि त्याच क्षणीं उघड होतें. सज्जनास औषध कळतें आणि दुर्जनास दुखणें कळतें. ज्यानें औषध घेतलें तो सुरक्षित झाला. ज्यानें घेतलें नाहीं त्याचें घर मात्र कालपेक्षां आज अधिक धोक्यांत आहे, कारण त्याची कोणती भिंत पोकळ आहे हें आतां चोरास ठाऊक झालें. दुरुस्ती निघणें आणि ती आपल्या यंत्रांत बसणें, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली जगाकडून फुकट मिळते. दुसरी ज्याची त्यानें करावयाची असते.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण पाहूं. संकेतस्थळ व तें वाचणारा यांच्यामधील मजकूर गुप्त राखण्यासाठीं 'ओपन-एस्-एस्-एल्' नांवाचें मुक्त-स्रोत साधन फार मोठ्या प्रमाणावर वापरलें जातें. मार्च २०१२ मध्यें निघालेल्या त्याच्या आवृत्तींत एक चूक राहून गेली. दूरच्या संगणकानें "तूं जागा आहेस ना? मग हा शब्द मला परत पाठव" अशी खूण करावयाची व सर्व्हरनें तो शब्द परत द्यावयाचा, अशी एक सोय तींत होती. परंतु कोणी शब्द दिला चार अक्षरांचा आणि परत मागितलीं हजारों अक्षरें, तरी सर्व्हर तें मोजून पाहत नसे. आपल्या स्मृतींतील शेजारचा मजकूरहि तो बिनदिक्कत देऊन टाकी. एका खेपेस चौसष्ट किलोबाइटपर्यंत मजकूर असा बाहेर जाई, आणि त्यांत लोकांचे पासवर्डहि असूं शकत. ७ एप्रिल २०१४ रोजीं ही चूक 'हार्टब्लीड' या नांवानें जाहीर झाली व त्याच दिवशीं दुरुस्त आवृत्तिहि मिळूं लागली. तथापि, ती जेथें तांतडीनें बसली नाहीं तेथें नुकसान झालेंच. सहा तासांच्या अवधींत आपल्या येथून सुमारें ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले, असें कॅनडाच्या महसूल खात्यानें त्याच महिन्यांत जाहीर केलें.

सहा तास हा अवधि थोडा म्हणावा, तर दुसरें उदाहरण महिन्यांचें आहे. 'अपाची स्ट्रट्स' या मुक्त-स्रोत साधनांतील एका गंभीर चुकीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली. अमेरिकेंतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीच्या एका सर्व्हरवर ती बसविली गेली नाहीं. मे महिन्यांत चोर त्याच वाटेनें आंत शिरले व जुलै अखेरपर्यंत आंतच वावरले. सुमारें १४ कोटी ७० लाख माणसांची खासगी माहिती त्यांच्या हातीं लागली. औषध दोन महिने दारांत येऊन पडलें होतें; तें घरांत मात्र घेतलें गेलें नव्हतें.

आतां डागडुजी प्रत्यक्षांत कशी करावयाची तें पाहूं. उबंटूमध्यें 'सॉफ्टवेअर अपडेटर' नांवाची खिडकी आहे. तींतून हें काम माउसनें होतें. परंतु आंत काय घडतें हें समजण्यासाठीं टर्मिनलमधील दोन आज्ञा शिकून ठेवाव्यात. त्या टंकतांना रोमन लिपींत टंकाव्या लागतात. येथें केवळ त्यांचा उच्चार दिला आहे. पहिली आज्ञा 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि दुसरी 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. यांतील 'सुडो' हा शब्द "हें काम मालकाच्या अधिकारानें कर" असें सांगतो, व म्हणून संगणक आपला पासवर्ड विचारतो.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं पहिल्या आज्ञेनेंच सर्व काम झालें. तसें नाहीं. 'अपडेट' ही आज्ञा केवळ यादी आणते. वाण्याकडे आज कोणता नवा माल आला आहे याची चिठ्ठी मागवावी, तसेंच हें आहे. चिठ्ठी आली म्हणजे घरांत धान्य आलें असें होत नाहीं. 'अपग्रेड' ही दुसरी आज्ञा दिल्यावर नवीं पॅकेजें खरोखर उतरवून घेतलीं जातात व जुन्यांच्या जागीं बसतात. याउलट, पहिली आज्ञा न देतां दुसरीच दिली, तर संगणक जुन्या यादीवर विसंबून "नवें कांहीं नाहीं" असें सांगेल व आपली फसगत होईल. म्हणून क्रम नेहमीं हाच ठेवावा.

हीं पॅकेजें उबंटूच्या अधिकृत भांडारांतून येतात, आणि भांडाराच्या यादीवर एक डिजिटल सही असते. वाटेंत कोणीं माल बदलला, तर सही व माल यांचा मेळ बसत नाहीं, आणि संगणक तो माल नाकारतो. यास्तव कोठल्याहि अनोळखी संकेतस्थळावरून साधनें उतरवून बसविण्याची संवय वाईट होय. तेथें ही सही तपासणारा कोणी नसतो.

याशिवाय तीन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली ही कीं, उबंटू सुरक्षेसंबंधींच्या दुरुस्त्या आपण होऊन रोज बसवीत असते. ती सोय बंद करूं नये. दुसरी ही कीं, गाभ्याची दुरुस्ती बसली तरी संगणक पुन्हां सुरू करीपर्यंत जुना गाभाच चालू राहतो. "रिस्टार्ट करा" अशी सूचना आली असतां ती महिनोन्‌महिने टाळणारा मनुष्य औषधाची बाटली उशाशीं ठेवून निजणाऱ्या रोग्यासारखा होय. तिसरी ही कीं, प्रत्येक आवृत्तीस आयुष्याची मर्यादा आहे. दोन वर्षांनीं एकदां एप्रिल महिन्यांत निघणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पांच वर्षें नेहमींच्या दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांस फक्त नऊ महिने. शाळेनें व घरानें दीर्घ मुदतीची आवृत्तिच घ्यावी. २४.०४ हा आवृत्तीचा क्रमांक म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना, हें कळलें म्हणजे मुदत केव्हां संपते याचा हिशेब मुलांसहि करतां येईल.

आतां राखणीकडे वळूं. जाळ्यास जोडलेल्या प्रत्येक संगणकास पोर्ट नांवाचे क्रमांक घातलेले दरवाजे असतात. त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. संकेतस्थळाचा कुलूपबंद मजकूर ४४३ क्रमांकाच्या दारानें येतो. दुरून संगणक चालविण्याचें 'एस्-एस्-एच्' नांवाचें साधन २२ क्रमांकाचें दार वापरतें. छपाईच्या कामास ६३१ क्रमांकाचें दार आहे. दारामागें ऐकणारें साधन बसलें असेल तरच दार उघडें म्हणावयाचें. जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसे व कोणास आंत सोडावयाचें तें ठरवी. संगणकाच्या देवडीवरील हा पहारेकरी म्हणजे फायरवॉल होय.

लिनक्समध्यें निवड करण्याचें मूळ काम गाभा स्वतःच करतो. त्यास हुकूम देण्याचीं साधनें मात्र निरनिराळीं आहेत. उबंटूमध्यें २००८ सालापासून 'यू-एफ्-डब्ल्यू' नांवाचें सोपें साधन दिलेलें असतें. परंतु तें आरंभीं बंद असतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. 'सुडो यू-एफ्-डब्ल्यू स्टेटस' अशी आज्ञा दिली असतां पहारा चालू आहे कीं नाहीं हें कळतें, आणि 'सुडो यू-एफ्-डब्ल्यू एनेबल' या आज्ञेनें तो सुरू होतो. त्याचा मूळ हुकूम असा असतो: बाहेरून आपण होऊन येणाऱ्यास आंत घेऊं नये, आंतून जाणाऱ्यास व त्याच्या उत्तरास अडवूं नये. साधारण घरगुती संगणकास एवढें पुरेसें आहे. या पहाऱ्यामुळें वाचन, पत्रव्यवहार किंवा चित्रपट पाहणें यांत कांहीं अडचण येत नाहीं. कारण तेथें विचारणा आपल्याकडून झालेली असते.

जो संगणक दुरून एस्-एस्-एच् नें चालवावयाचा असेल, त्याच्या बाबतींत एक सावधगिरी फार जरूर आहे. पहारा बसविण्यापूर्वीं 'सुडो यू-एफ्-डब्ल्यू अलाउ एस्-एस्-एच्' ही परवानगी आधीं द्यावी. नाहीं तर पहारेकरी खुद्द मालकासहि आंत घेणार नाहीं. 'अलाउ' च्या जागीं 'लिमिट' हा शब्द घातला, तर तीस सेकंदांत सहा किंवा अधिक वेळां दार ठोठावणारास अडविलें जातें. पासवर्ड अदमासानें शोधणाऱ्यांवर हा चांगला उपाय आहे.

या पहाऱ्याचें मोल सप्टेंबर २०२४ मध्यें चांगलें दिसून आलें. लिनक्समध्यें छपाईची व्यवस्था 'कप्स' नांवाचें साधन पाहतें, व जाळ्यावरील प्रिंटर शोधण्याचें काम त्याचा एक मदतनीस करतो. हा मदतनीस ६३१ क्रमांकाच्या दाराशीं बसून, "मी प्रिंटर आहें" असें कोणीहि म्हटलें तरी त्यावर विश्वास ठेवीत असे. सीमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकानें २६ सप्टेंबर रोजीं दाखवून दिलें कीं, खोट्या प्रिंटरची अशी नोंद करवून घ्यावी, आणि वापरणारानें त्यावर एखादा कागद छापावयास पाठविला म्हणजे चोराची आज्ञा त्या संगणकावर चालवितां येते. दुरुस्त्या लगोलग निघाल्या. परंतु ज्याच्या देवडीवर पहारा होता व ६३१ चें तें दार बंद होतें, त्याच्यापर्यंत इंटरनेटवरून येणारा हा खोटा निरोप पोंचूंच शकत नव्हता. दुरुस्ती येईपर्यंतचा धोक्याचा काळ त्यानें सुखानें काढला.

हीं दोन्हीं उदाहरणें शेजारीं ठेवून पाहावीं. हार्टब्लीडच्या वेळीं ४४३ चें दार उघडें ठेवणें भागच होतें, कारण संकेतस्थळाचा सर्व व्यवहार त्यांतूनच चालतो. तेथें पहारेकरी निरुपयोगी ठरला व दुरुस्ती हाच एक उपाय उरला. छपाईच्या प्रकरणांत दार निष्कारण उघडें होतें. तेथें पहाऱ्यानें रक्षण केलें. सारांश, ज्या दाराचें काम नाहीं तें बंद ठेवावें, आणि जें उघडें ठेवणें प्राप्त आहे त्याच्या मागील साधन नेहमीं दुरुस्त ठेवावें. एकाचें काम दुसरा करूं शकत नाहीं.

"आमच्या घरच्या राउटरमध्यें फायरवॉल आहे, मग संगणकावर निराळी कशाला?" असें कोणी पालक विचारतील. घराचें कुंपण चांगलें असलें तरी लॅपटॉप कुंपणाबाहेर जातो. रेल्वे स्थानकावरील किंवा वसतिगृहांतील सामायिक वाय-फायवर शेजारीं कोण बसलें आहे हें आपणांस ठाऊक नसतें. तथापि, पहारेकऱ्याची मर्यादाहि ओळखावी. आपणच फसव्या पत्रांतील दुवा दाबून चोरास घरांत बोलाविलें, तर तो आमचा पाहुणा समजून पहारेकरी त्यास अडविणार नाहीं.

शेवटीं एका वाजवी शंकेचा विचार केला पाहिजे. खुद्द दुरुस्तींतच विष कालवून कोणीं दिलें तर? असा प्रयत्न झालेला आहे. 'एक्स्-झेड्' नांवाच्या साधनाच्या कामांत 'जिया टॅन' या नांवानें वावरणाऱ्या कोणी कांहीं वर्षें मदत करून विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभीं त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट लपविली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एस्-एस्-एच् नें आंत शिरतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यानें ती क्षुल्लक गोष्ट सोडून न देतां मुळापर्यंत शोध घेतला व २९ मार्च २०२४ रोजीं तें कारस्थान जगापुढें मांडलें. मजकूर सर्वांस उघडा होता म्हणूनच त्यास तो तपासतां आला. हें विष चांचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोंचलें होतें. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत किंवा उबंटूच्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्तींत तें शिरलें नव्हतें. यावरून दुरुस्त्या घेऊं नयेत असें ठरत नाहीं. तर त्या स्थिर आवृत्तीच्या अधिकृत भांडारांतूनच घ्याव्यात, असें ठरतें.

आतां हें सर्व दिनचर्येंत कसें बसवावें? आठवड्यांतून एक वार नेमून घ्यावा. त्या दिवशीं वर सांगितलेल्या दोन आज्ञा क्रमानें द्याव्या व सूचना असल्यास संगणक पुन्हां सुरू करावा. महिन्यांतून एकदां फायरवॉलची स्थिति पाहावी. एखाद्या कामापुरतें उघडलेलें दार काम संपल्यावरहि उघडेंच राहिलें असेल, तर तो हुकूम रद्द करावा. वर्षांतून एकदां आपल्या आवृत्तीची मुदत तपासावी, आणि नव्या आवृत्तीवर जाण्यापूर्वीं महत्त्वाच्या फायलींची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ठेवावी. एक लहान वही करून तींत तारीख व केलेलें काम लिहीत जावें. शाळेंत हें काम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं पाळीपाळीनें करावें, म्हणजे तें एकाच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाहीं. घरीं मुलांनीं आईवडिलांस तें करून दाखवावें, आणि आईवडिलांनीं, "या आठवड्याचें झालें का?" एवढें विचारीत जावें. ज्या संगणकावर घराचें बँकेचें खातें, मुलांचे निकाल व कुटुंबाचीं छायाचित्रें आहेत, त्यासाठीं आठवड्यास पंधरा मिनिटें हा कांहीं मोठा खर्च नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांचें तोंडहि आपण पाहिलेलें नाहीं असे लोक देशोदेशीं बसून आपल्या संगणकांतील भोंकें शोधतात, तीं बुजवितात, आणि मोबदला न मागतां दुरुस्ती आपल्या दारापर्यंत आणून ठेवतात. ती उचलून आंत घेणें, आणि नको असलेलीं दारें लावून घेणें, एवढेंच काम आपल्याकडे उरतें. तें लहान आहे म्हणूनच राहून जातें. आणि राहून गेलें म्हणजे काय होतें, हें आपण वर पाहिलेंच आहे.